औताडे सरांचे जोडलेले हात

नाही, थांबा. तुमचं सगळं ऐकून घेतलं, आता माझं ऐका. तो फोटो गौरवग्रंथात जाणार असेल तर माझा लेख काढा. लेख ठेवायचा असेल तर फोटो काढा. दोन्ही एका जिल्दीत बसणार नाहीत. म्हणूनच छापायच्या आधी इथं समितीसमोर वाचून दाखवतोय.

फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आलाय. औताडे सर उशीला टेकून बसलेत, कपाळावर अंगारा, डोळे मिटलेले, हात जोडलेले. आपले अध्यक्ष रमेशदादा, म्हणजे सरांचे पुतणे, खाली ओळ टाकणार आहेत: ‘आयुष्यभराच्या नास्तिकाला अखेर पुरावा सापडला.’

पंचाहत्तरीच्या लेखात पहिली भेट सांगायची असते, तर सांगतो. मी वैजापूरहून इथं कॉलेजला आलो. सर तर्कशास्त्र शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, “देव आहे असं कुणाकुणाला वाटतं?” वर्गभर हात वर. “नाही असं?” माझा एकट्याचा. मी छाती काढून बसलेलो. सर बाकापाशी आले आणि म्हणाले, “कशावरून?” माझा हात तसाच वर. “खाली घे हात. तू बी त्यांच्यातलाच.” वर्ग हसला. मला लई राग आला, आणि त्याच रविवारी मी भांडायला म्हणून त्यांच्या गारखेड्यातल्या घरी गेलो. त्यानंतर जातच राहिलो.

रविवारी शेजारचे शफीसाहेब यायचे. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, पाच वक्ताचे नमाजी. त्यांचा एकच मुद्दा असायचा. “औताडेसाब, नई मानने कू भी ईमान लगता. तुमारा ईमान तो हमसे पक्का है.”

सर म्हणायचे, “शफीसाहेब, आज मी तुम्हाला चहा विचारला नाही. न विचारायला गॅस लागला का?”

“चाय नई पूछे, वो कंजूसी है. दलील नई!”

आतून काकूंचा आवाज यायचा, “ठेवलाय हो चहा. तुम्हा दोघांचं आटपू द्या आधी.”

मग सर गंभीर व्हायचे. पुरावा आणा, म्हणायचे. आज आणलात तर उद्या मी तुमच्या शेजारी उभा राहीन. मी ‘नाही’ अशी शपथ घेतलेली नाही, मी फक्त नसलेली गोष्ट हातात धरलेली नाही. शफीसाहेब हात पसरून म्हणायचे, ये सब पुरावाच तो है, आंखा खोल के देखो. एकदा सर म्हणाले, “उघड्या डोळ्यांनीच बघतोय. तीच अडचण आहे.” आणि घरातली एक गोष्ट सांगितली. सरांचा जन्म निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शननंतरचा. त्यांचे वडील सांगायचे, त्या धामधुमीत आपलं घर देवानं राखलं. लहानग्या सरांनी विचारलं, मग शेजारचं मुसलमानांचं घर रिकामं कसं झालं, त्यांचा देव कुठं गेलता? वडिलांनी कानाखाली दिली. “उत्तर काय मिळालं नाही,” सर म्हणाले. त्या रविवारी शफीसाहेब वाद न घालताच उठले, पण जाताना त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

आता सरांच्या मायेचं. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला मी अडून बसलो. पिंड ठेवणार नाही, डोकं भादरणार नाही. आई रडून रडून बसलेली. सर एसटीनं वैजापूरला आले. मला वाटलं, माझी पाठ थोपटतील. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “वडिलांना हे पटत होतं का?” म्हटलं, होतं. “मग बस की. त्यांचं आहे, त्यांच्या मनासारखं होऊ दे. तुझं तुझ्या वेळी बघू.” मी बसलो. सर उन्हात शेवटपर्यंत उभे होते.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ज्या तोंडातून आम्ही हजार वेळा ‘कशावरून’ ऐकलं, त्यातून आता नुसता एक आवाज निघतो, पाण्यालाही तोच आणि दुखण्यालाही तोच. मानेनं हो-नाही करणंही जमत नाही. शफीसाहेब अजून रविवारी येतात. आपला मुद्दा मांडतात, उत्तर येण्याएवढा वेळ गप्प बसतात, चहा पितात आणि जातात.

फोटो काढला त्या दिवशी मी सरांना मऊ भात भरवत होतो. रमेशदादा गावाकडच्या यात्रेतला अंगारा घेऊन आले आणि कपाळाला लावला. मग सरांचा उजवा हात उचलून छातीवर ठेवला. तो हात सरांना स्वतःला हलवता येत नाही. डावा त्याला लावून दिला. मोबाईलचा उजेड तोंडावर आला तसे सरांनी डोळे मिटले. फोटो निघाला, आणि उजवा हात घसरून गादीवर पडला. तुमचा पुरावा तो एवढाच.

दादा, तुम्ही वाईट नाही. झटका आला तेव्हा दवाखान्यात सगळ्यात जास्त तुम्हीच धावलात. तुम्ही मला म्हणालात, “काकांच्या मनात काय चाललंय, तुला काय माहीत?” बरोबर आहे, मला माहीत नाही. त्या खाटेवर पडून सरांनी देवाला हाक मारायला सुरुवात केलीही असेल. माणसं मारतात. पण ते तुम्हालाही माहीत नाही. आणि जे माहीत नाही, ती जागा सरांनी जन्मभर रिकामी ठेवली. त्यांची नास्तिकता म्हणजे एवढंच होतं, दुसरं काही नव्हतं. ते बोलू शकत नाहीत, आणि आपण, त्यांचेच विद्यार्थी, ती जागा भरून टाकायला निघालो.

तुम्ही गेल्यावर काकू ओलं फडकं घेऊन आल्या आणि अंगारा पुसला. काकूंनी. त्यांच्या देव्हाऱ्यातला दिवा एक दिवस चुकलेला नाही. लग्न झाल्यापासून रोज दिवेलागणीला त्यांनी स्वतःला, मुलांना अंगारा लावला आणि सरांना वळसा घालून पुढं गेल्या. मी म्हटलं, “काकू, राहू द्यायचा. तुमची तर श्रद्धा आहे.”

“आहे की. लई आहे.” फडकं पिळत त्या म्हणाल्या, “हे पडल्यापासून रोज चिमूट घेऊन ह्यांच्यापाशी उभी राहते रे. वाटतं, लावावं. गुण आला तर? पण ह्यांनी कधी व्हय म्हटलं नाय. आता नाय म्हणता येईना, म्हणून लावू व्हय?”

“आणि फोटो?”

“खरा असता तर देव्हाऱ्यापाशी मीच लावला असता.”

आता शुभेच्छा. दीर्घायुष्य चिंतायचं, पण कुणापाशी मागू? डॉक्टर म्हणतात, बोलणं परत येईलच असं नाही. सर, लई वर्षं जगा असं म्हणताना तुमची ती खाट डोळ्यांपुढं येते. तरी म्हणतो, जगा. आणि एक शब्द तरी परत येऊ दे. काकू चिमूट घेऊन उभ्या राहतील तेव्हा तुम्ही ‘व्हय’ म्हणा नाहीतर ‘नाय’ म्हणा. व्हय म्हणालात तर ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत ते मी माझ्या हातानं लिहीन.

दादा, तुम्ही तोंड उघडलंय, दिसतंय मला. पण सरांना कुशीवर वळवायची वेळ झाली, आणि काकूंना एकटीला ते जमत नाही. कागद इथं ठेवलाय. निघालो.