बाईंची कुलपं

किल्ली मी देऊन टाकली. मागितली, दिली, वर चहाही पाजला.

किल्ली होती आमच्या डॉक्टरीणबाईंनी वाटलेल्या एका कुलपाची. बाईंनी भिगवणपासून इंदापूरपर्यंत जेवढी कुलपं वाटली, तेवढी एखाद्या कारखान्यानं घडवलीही नसतील. बारामतीत त्यांचा मनाच्या आजारांचा दवाखाना. आठवड्यातून एकदा जीप काढून त्या खेड्यांत शिरायच्या आणि कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी विचारायच्या, "फवारणीचं औषध कुठं ठेवता?" ते माळ्यावर निघायचं, कॉटखाली निघायचं, एकदा तर देव्हाऱ्याशेजारी निघालं. लगेच पिशवीतून कुलूप बाहेर. लग्नात आहेर कुलपाचा, बारशाला कुलूप. एका संक्रांतीला तर त्यांनी हळदीकुंकवात वाण म्हणून कुलपंच लुटली. औषध पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली शेजाऱ्याकडं. तोही बांधावरून भांडण झालेला असेल तर उत्तम. "त्याच्या दारात जायला माणूस वेळ लावतो रे," त्या म्हणायच्या. "तेवढ्यात वाईट घटका निघून जाते." यापायी गावोगावचे अबोले नाइलाजानं सुटले आणि दोन्हीकडची माणसं मिळून बाईंना शिव्या घालू लागली.

दुसरी खोड याहून भयंकर. बशीतला चहा फुंकता फुंकता, पेरूचा भाव विचारावा अशा सुरात त्या समोरच्याला विचारायच्या, "जीव नकोसा होतो का हो?" मी त्यांचा मदतनीस, समाजकार्याची पदवी घेतलेला, देवळासमोर तक्ते टांगून व्याख्यान देणारा. मला ठसका लागायचा. "बाई, अशानं नसलेलं डोक्यात येईल!"

"असलेलंच असतं. विचारायला कुणी नसतं."

डाळजच्या सोपानतात्यांनाही त्यांनी असंच विचारलं होतं. तात्यांची झोप उडाली होती, जेवण सुटलं होतं. पेरूच्या बागेवर जीव टाकणारा माणूस बागेकडं पाठ करून बसायचा. बाईंनी गोळ्या सुरू केल्या. पण शेजारी सगळे भाऊबंद, तात्यांनी नुसते डोळे वटारले तरी किल्ली देऊन मोकळे होणारे. मी त्याच गावात खोली घेऊन राहायचो, म्हणून किल्ली माझ्याकडं आली.

आणि एके दुपारी तात्या दारात उभे. दाढी घोटलेली, टोपी धुतलेली, तोंडभर हसू. "सायेब, तुमचं भाषण लई लागू पडलं बगा. किल्ली द्या, बागंला फवारतो."

भाषण लागू पडलं म्हणणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. ते गेल्यावर मी धावत हायवेवरच्या एसटीडी बूथवर गेलो. "बाई, तात्या बरे झाले! हसतायत, बोलतायत. किल्लीसुद्धा स्वतः येऊन घेऊन गेले."

तिकडून जीपच्या किल्लीचा खणखणाट ऐकू आला.

"काल तोंड उघडत नव्हता आणि आज हसतोय? अरे, मनाशी ठरवून मोकळा झालेला माणूसही असाच हसतो. घरी निरोप धाड आणि पळ. एकटं सोडू नकोस त्याला. मी निघाले."

बूथवाल्याला तात्यांच्या घरी पिटाळलं आणि मी बागेकडं सुटलो. चपला बूथमध्येच राहिल्या. पाटात आपटलो, उठलो, पुन्हा आपटलो. वाटेत देवाला काय काय कबूल केलं, ते आता सांगत नाही. मोटारीच्या खोलीमागं तात्या भिंतीला टेकून बसले होते. समोर औषधाचा डबा. झाकण लावलेलं. मी तो उचलून पोटाशी धरला आणि शेजारी बसलो. तक्त्यांवरचं एक अक्षर आठवेना. तोंडातून निघाला तो बाईंचाच प्रश्न. "तात्या, जीव नकोसा झालाय का?"

मोटार घरघरत होती. डब्याकडं बघत ते म्हणाले, "व्हय."

पुढं काय बोलायचं? बाई पुढं काय बोलतात, हे मी ठसक्यांच्या नादात कधी नीट ऐकलंच नव्हतं. मी नुसता बसलो. मग तेच हळूहळू बोलू लागले. रातभर डोक्यात इंजान चालतंय, म्हणाले. समद्यांना आपलं वझं झालंय, म्हणाले. तेवढ्यात तात्यांच्या घरच्या, काकू, धापा टाकत आल्या आणि त्यांचा हात धरून बसल्या. कितीतरी वेळानं जीपचा हॉर्न ऐकू आला. चिखलानं भरलेल्या साडीनं बाई बागेतून आल्या, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, तात्यांजवळ बसल्या. "दमलात ना तात्या? चला, काही दिवस माझ्याकडं राहा. काकू, तुम्हीही चला."

तात्या बरे झाले. एका रात्रीत नव्हे, पडत, उठत, मधेच गोळ्या फेकून देत आणि पुन्हा घेत.

पुढं बाईंचे गुडघे थकले. दवाखाना बंद करून त्या मिरजेला बहिणीकडं जायला निघाल्या, तेव्हा आम्ही निरोपाला जमलो. तात्या पेरूंची पाटी घेऊन आले होते. पेरू कच्चे आहेत म्हणून बाईंनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं आणि पाटी जीपमध्ये ठेवताना डोळे पुसले. जीप वळली, धूळ खाली बसली, तरी आम्ही दोघं रस्त्याकडं बघत उभे होतो. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी तेव्हा विचारलं, "तात्या, त्या दिवशी माझ्या कुठल्या शब्दानं तुम्ही थांबलात?"

"शब्द?" तात्या म्हणाले. "तुमी कुठं काय बोललाव? डबा धरून नुसतं रडत व्हता ल्हान पोरावानी. म्हटलं, आपलं ऱ्हाऊ द्या, ह्या येड्याला आदी घरी पोचवाया पायजेल."