देवघराच्या माळवदावर आज मीच चढले

मैत्रिणींनो, हात भरून आलेत, तरी लिहिते.

आमचं घर जुनं, मातीच्या माळवदाचं, म्हणजे सपाट छताचं. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात जुनी माती खरवडून वर नवी पांढरी माती टाकतात. पण देवाच्या डोक्यावर पाय नको, म्हणून देवघराच्या वर कुणी चढत नाही. जुनी न काढता, बाजूला उभं राहून तिथं माती नुसती फेकायची. वर्षानुवर्षं हेच. त्या ओझ्यानं देवघराची तुळई वाकली.

आज मिस्त्री आला. खालूनच बघून म्हणाला, "वहिनी, देवघरावर आमी चढत न्हाई. पाडा अन् पत्रे टाका."

तुळई वाकलीय, मोडली नाही. मग पाडायचं कशाला? त्याच्याकडून खाली टेकू लावून घेतला. देवांना ताम्हणात घेतलं, हळदकुंकू वाहून माफी मागितली आणि चुलीजवळ पाटावर बसवलं. पदर खोचला, फावडं घेतलं आणि शिडी चढले.

थोरल्या जाऊबाई अंगणातून ओरडल्या, "अगं, पाप लागंल! उतर खाली!"

"देव स्वयंपाकघरात हायेत, अक्का. इथं नुसती माती हाय. टोपलं धरा!"

बडबडत का होईना, धरलं त्यांनी. थोड्या वेळानं मिस्त्रीही चप्पल काढून वर आला.

संध्याकाळपर्यंत गुडघाभर माती उतरली. तुळई अजून वाकडीच आहे, पण आता छत पाडायचं कुणी नाव काढत नाही.

पाप लागलंच तर माझ्या खात्यावर मांडा. पण मला एक सांगा, वाकलेल्या छताखाली देवाला तसंच बसवून ठेवणं, हे पुण्य कसं?