बांगडीवाली खाला गप्प झाली

खालाच्या दुकानात बांगड्या भरायला गेलेल्या बाईला स्वतःचं काही बोलायची सोयच नव्हती. मंगरूळपीरच्या आमच्या गल्लीत माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून तिचं दुकान, मधे नुसती पत्र्याची भिंत. माझ्या मशीनच्या वरताण तिचा आवाज. बाईचा हात हातात घेऊन ती नणंदेची, म्हशीची, मोडलेल्या लग्नाची काहीतरी गोष्ट काढायची. बाई हसली की हात सैल पडायचा आणि बांगडी मनगटावर. "हात ढिला सोड व माय, बांगडी काय तुले खाऊन राह्यली?" हे तिचं वाक्य आसेगावपर्यंतच्या बायकांना पाठ होतं.

गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी आणि घरात उर्दू, असा तिचा दिवस चाले. माझी मनू तिच्याच ओट्यावर वाढली. धड चालता येत नव्हतं तेव्हापासून ती तिकडे तोंड करून "खाला, पानी दो" म्हणायची आणि इकडे वळून "आई, मले पानी दे". कधी "बिल्ली पळून राह्यली" अशी खिचडीही व्हायची. माझ्या सासूबाईंना ते खपत नसे. खाला त्यांना म्हणायची, "लेकरू दोन घरी जेवून राह्यलं, त्याचं पोट बिघडलं का? मंग?"

तिचा स्वतःचा नातू फैजू मात्र तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. अम्मी नाही, दादी नाही, काहीच नाही. खालाने पोपटाने टोचलेला पेरू कुठून कुठून मिळवून त्याला भरवला, दर्ग्यावरची साखर चाटवली. पोराने पेरू आवडीने खाल्ला आणि आणखी मागायला हात पुढे केला.

मग इंग्रजी बालवाडीतल्या मॅडमनी निदान केलं. घरात उर्दू, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे पोराचा गोंधळ उडाला आहे. घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी. मुलगा आणि सून शिकलेले, त्यांनी मोडकंतोडकं सुरू केलं. खालाचं काय? मुलगा अवघडून म्हणाला, "अम्मी, कुछ दिन उसके सामने मत बोलो." तिने मला पत्र्याच्या फटीतून सांगितलं, "मले दोनच बोल्या येतात बाई, आन दोनी बंद."

माझं डोकं फिरलं. मी भांडायलाच निघाले होते, तिने ओट्यावरच हात धरून बसवलं. "जाऊ दे व. माह्या बोलन्यानं लेकराचं नुकसान होऊन राह्यलं असन, तं मी काहून बोलू? तो बोलला पायजे."

सून नोकरीवर जायची, त्यामुळे बालवाडी सुटली की फैजू दिवसभर दुकानातच. म्हणजे दुकानातही तोंड बंद. खाला मुक्यानेच बांगड्या भरू लागली. बायकांचे हात आखडायचे, काच फुटायची, रक्त यायचं. "मुकी झाली का व ही?" असं माझ्याकडे येऊन विचारत आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानात जात. नातवाशी ती ओठ घट्ट मिटून हातांनी आणि डोळ्यांनी बोले. तोही तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राही, सगळं बरोबर ओळखे, म्हणून कुणाला शंकासुद्धा आली नाही. वर्ष असंच गेलं. पलीकडची ती शांतता मला सोसायची नाही. मी काम नसतानाही मशीन चालवायची.

एका दुपारी कापसाने भरलेला ट्रॅक्टर गल्लीत मागे मागे येत होता. फैजू पाठमोरा, मातीत डब्याचं झाकण फिरवत बसलेला. खाला ओरडली, "फैजू! हट बेटा!" मग "अरे सरक, सरक रे!" वर्षभर दाबलेला आवाज सगळ्या गल्लीने ऐकला. मी दचकून सुई बोटात घुसवून घेतली, चार दुकानांतली माणसं बाहेर आली. एकट्या फैजूने मान वळवली नाही. वाटेवरच्या एका सायकलवाल्याने झेप घेऊन त्याला ओढलं तेव्हा चाक हातभर लांब होतं. खाला ओट्यावर बसकण मारून मला म्हणाली, "त्याले आयकूच नाई आलं व."

अकोल्याला कान तपासले. दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं, जन्मापासून. डॉक्टर म्हणाले, दोन भाषांचा याच्याशी काहीही संबंध नाही; आधी आणायला हवं होतं; आता तुम्हाला येते त्या भाषेत भरपूर बोला. ऐकण्याची यंत्रं बसली. मुलगा आईच्या पायाशी बसून म्हणाला, "अम्मी, अब बोलो." तिने फैजूला मांडीवर घेतलं. "मेरा बच्चा," एवढंच म्हणाली. पोर तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघून दचकलं, रडत त्याने कानातलं यंत्र उपटलं आणि आईकडे पळालं. आईचा आवाज त्याने चालवून घेतला होता, हिचा नाही. डोळे पुसत खाला म्हणाली, "सवय लागन त्याले."

सवय लागेपर्यंत ती राहिली नाही. त्याच पावसाळ्यात छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. कुणावर राग काढावा, मला अजून कळत नाही.

फैजू आता बोलतो. जीभ जड आहे, पण बोलतो, आणि मनूच्या संगतीने दोन्हीत बोलतो. माझ्याकडे येऊन "काकी, मले बटन दे" म्हणतो. परवा त्याची आई मोबाइलवरचे फोटो एकेक करून दाखवत होती. अब्बू, मनूदीदी, काकी, सगळ्यांची नावं त्याने घेतली. मग खालाचा फोटो आला. सुनेने विचारलं, "और ये कौन?"

फैजूने आम्हा दोघींकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून दाखवले.