दोन सूत

आपल्या लाल गाडीची चाकं तिची नाहीत, हे धाकटीने फोटो पाहून बरोबर ओळखलं. दादा तिला हसला, पण तिचंच खरं आहे. ती चाकं दुसऱ्या गाडीची आहेत. ती कशी बसवली, हे मी फोनवर सांगायला लागले की तुमचे आजोबा मध्ये बोलतात आणि माझी चूक आधीच सांगून टाकतात. म्हणून लिहून ठेवते आहे. चूक मी स्वतःच सांगेन, तिची जागा आली की.

तुम्ही बदलापूरला आला होतात तेव्हा गाडी ताडपत्रीखाली होती, त्यामुळे तुम्हाला नीट दिसली नसेल. तिला दोन दारं, दोनच सीट, फायबरची बॉडी आणि वर कापडी छत आहे. अशा थोड्याच गाड्या निघाल्या आणि मग ती बनवणारी कंपनी बंद पडली. आजोबा अंबरनाथ एमआयडीसीत ज्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले, त्याच्या सिंधी शेटजींनी ती हौसेने घेतली होती. गाडी बुटकी आणि शेटजी उंचेपुरे. दोन-चार वेळा गुडघे हनुवटीला लावून बसले आणि मग ती शेडमध्येच राहिली. तिला आठवड्यातून एकदा चालू करायचं, पुसायचं, तेलपाणी बघायचं, हे काम आपोआप आजोबांकडे आलं. पुढे कारखाना विकला गेला, तेव्हा शेटजींनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "तू इसको मुझसे ज्यादा जानता है, साईं. ले जा."

आजोबा बुवापाड्यात एका खोलीत सात माणसांत वाढले. विहाराच्या अभ्यासिकेत बसून शिकले, आयटीआय झाले. त्यांच्या घरात जे येई ते गरजेचंच येई : वह्या, छत्री, चपला, आणि पुढे आई दमेकरी झाली तेव्हा टेबलफॅन. आमचं लग्न झाल्यावरही आम्ही तसेच राहिलो. लाल गाडी ही त्यांच्या वाट्याला आलेली पहिली बिनगरजेची वस्तू. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण रविवारी ताडपत्री काढताना त्यांचा चेहरा पाहिला की कळायचं.

मग एका पावसाळ्यानंतर कर्जतच्या रस्त्यावरच्या खड्ड्याने पुढची दोन्ही चाकं खाल्ली. एकाला तडा गेला, दुसरं वाकलं. तशी चाकं आता कुठे मिळत नाहीत. वेल्डिंगवाला म्हणाला, "करून देईन, पण बसू नका तिच्यात." आजोबांनी गाडी विटांवर चढवली, रविवारी इंजिन तेवढं चालू करायचे, पण ती तशीच राहिली, एक वर्ष, दोन वर्षं, जवळजवळ चार.

या वर्षी आमच्या सोसायटीने नियम केला की बंद गाडी पार्किंगमध्ये ठेवायची नाही. चेअरमन भला माणूस आहे, स्वतः घरी येऊन बसला.

"काका, मी गाडीच्या विरुद्ध नाही हो. पण दोन बिऱ्हाडं स्कूटर रस्त्यावर लावतात, ती माझ्याकडे बोट दाखवतात. एक करा. पुढच्या महिन्यातल्या मीटिंगपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर जाऊन परत आली पाहिजे. आली, की मी कायमचा गप्प. नाहीतर मग मला भंगारवाल्याला बोलवावं लागेल."

"येईल," आजोबा म्हणाले. चेअरमन गेल्यावर मात्र ते बराच वेळ गॅलरीतून खाली बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्या गाड्यांच्या चाकांची मापं गोळा करायला घेतली. चाक चार बोल्टांवर बसतं. समोरासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर जुळलं तर चाक बसण्याची आशा. आणि जुळलं कुणाचं, तर आपल्याकडे पूर्वी जी पांढरी घरगुती गाडी होती, जी मी शाळेत न्यायचे, तिच्याच चाकांचं. उल्हासनगरच्या एका जुन्या सामानवाल्याकडे तशी चार चाकं मिळाली. दोन अडचणी उरल्या. एक, चाकाचं मधलं भोक लहान होतं, ते लेथवर मोठं करून घ्यायचं. दोन, पुढचं चाक आत जाऊन ब्रेकला टेकत होतं. म्हणजे चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये लोखंडाची रिंग घालून चाक किंचित बाहेर काढायचं. आजोबांनी एक चाक आणवून, पंक्चरवाल्याकडून मध्ये जुने वॉशर घालून घेत, ते मोकळं फिरेपर्यंत पाहिलं आणि वॉशरांची जाडी नखाने चाचपून सांगितली.

चाचपून, कारण याच सुमारास त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, गाडी तर अजिबात चालवायची नाही. थेंबांचा तक्ता मी फ्रिजवर लावला होता. त्यामुळे लेथवाल्या टर्नरकडे जाणार मी.

"लिहून घे," खुर्चीत बसून ते म्हणाले. "पुढच्या दोन चाकांना रिंग. जाडी दोन सूत."

मी लिहून घेतलं. मग स्वच्छ कागदावर उतरवलं, प्रश्नपत्रिका काढायचे तसं : क्रमांक, वस्तू, माप, नग. आणि उतरवताना 'सूत' खोडून 'मिमी' लिहिलं.

ही ती चूक. आता तिच्याबद्दल थोडं सांगते, कारण तुम्हाला तो शब्द माहीत नसणार. आपल्याकडे दार किंचित उघडं राहिलं तर 'सूतभर फट राहिली' म्हणतात. सूत म्हणजे धागा. धागा तो किती जाड? माझ्या मनात सूत म्हणजे पट्टीवरची सर्वांत लहान रेघ, म्हणजेच मिलिमीटर, असं पक्कं होतं. शिवाय मी मिशनच्या शाळेत शिकलेली आणि पुढे तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली. आजोबा स्टेपनीला 'इष्टपनी' म्हणतात, टाइमला 'टैम', आणि मी लग्नापासून ते सुधारत आले आहे. कागदावर 'सूत' हा मला तसाच एक सुधारायचा शब्द वाटला. ते शेजारच्या खोलीत होते. विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. विचारलं नाही, कारण मला वाटलं मला कळलंय.

टर्नरचं वर्कशॉप उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, पापडवाल्यांच्या गल्लीला लागून. लेथच्या तेलाचा आणि पापडखाराचा वास एकत्र येतो. टर्नर पन्नाशीचा, मूळचा साताऱ्याकडचा, पण निम्मं हिंदी बोलणारा. त्याने माझा कागद दोनदा वाचला.

"मॅडम, रिंग दोन एमएम? पक्का?"

"लिहिलंय ना तसं."

"नाय, पतली होईल म्हणून विचारलं. काकांनी सांगितलंय?"

"त्यांनीच सांगितलंय."

"मग पेपरवर आहे तर पेपर." आणि त्याने कागद मशीनच्या दिव्याला अडकवला.

गुरुवारी चाकं टायर घालून टेम्पोने घरी आली. शुक्रवारी सकाळी कोपऱ्यावरचा पंक्चरवाला जॅक घेऊन आला. मागची दोन चाकं सुरेख बसली. पुढचं लावलं, बोल्ट आवळले, आणि त्याने हाताने फिरवून पाहिलं. चाक हललं नाही.

"काका, जाम आहे. आत टेकतंय."

"टेकणार नाही," खुर्चीतून आजोबा म्हणाले. "दोन सूत रिंग आहे."

"काका, ही रिंग आहे की बांगडी?"

आजोबांनी रिंग हातात मागितली. नखाने कड चाचपली आणि माझ्या दिशेने तोंड केलं. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"किती जाडीची सांगितलीस?"

"दोन."

"दोन काय?"

"मिलिमीटर. सूत म्हणजे मिलिमीटरच ना?"

पंक्चरवाल्याने पाना खाली ठेवला आणि तो अचानक आपल्या सायकलकडे बघायला लागला.

"इंचाचे आठ भाग कर," आजोबा हळू म्हणाले. "त्यातला एक म्हणजे सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच. सहा मिलिमीटरच्या वर." मग रिंग माझ्यापुढे धरून, "चाळीस वर्षं माझे शब्द सुधारलेस, ते ठीक. आज माप पण सुधारलंस?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, दोन्ही रिंगा एकावर एक घालून एका चाकाचं तरी होईल का? ते म्हणाले, पातळ रिंगांचे थर लावलेली गाडी मी रस्त्यावर काढणार नाही, भंगारात गेली तरी चालेल. रविवारी पाच वाजता मीटिंग होती. आणि त्या दिवशी शुक्रवार, म्हणजे तिकडे लेथला साप्ताहिक सुट्टी.

शनिवारी टर्नरने शटर वर केलं तेव्हा मी बाहेर उभी होते. रिक्षात मी एक छानसं वाक्य तयार केलं होतं, 'गैरसमज झाला' वगैरे. तोंडातून निघालं ते एवढंच : "चूक माझी आहे. सूत लिहायचं होतं."

तो इतका हसला की शेजारची पापड लाटणारी बाई डोकावली. "मॅडम, दो एमएमची रिंग तर डब्याच्या झाकणाला पण नाय लावत! मी बोललो होतो ना?"

"बोलला होतात. मी ऐकलं नाही."

यावर त्याचं हसू बंद झालं. त्याने खिशातून लोखंडी पट्टी काढली, कडेची इंचाची बाजू माझ्यापुढे धरली आणि काळ्या नखाने एकेक घर मोजून दाखवलं. "ये एक सूत. ये दोन. आमच्या उस्तादने असंच शिकवलं. आमच्या लाइनमध्ये सगळे हेच बोलतात." मग कोरा कागद पुढे केला. "आता तुमच्या हाताने लिहा."

मी लिहिलं : दोन सूत. त्याने तो कागद दिव्याला अडकवला आणि मी स्टुलावर बसून रिंगा होताना बघितल्या. तीस वर्षं मी दुसऱ्यांना बाकावर बसवलं होतं. परतताना रिंगा पर्समध्ये होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. चष्म्याच्या केसला लागलेलं तेल अजून निघालेलं नाही.

रविवारी सकाळी पंक्चरवाल्याने रिंगा घातल्या, लांब बोल्ट लावले आणि चाकाला हात मारला. ते फिरलं, आणि फिरतच राहिलं.  आजोबा कान देऊन ते थांबेपर्यंत ऐकत बसले.

पाच वाजता सगळी सोसायटी खाली. गाडीचे कागद मी फाइलमध्ये तयार ठेवले होते, त्यात खोट नव्हती. पण तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी हात वर केला.

"चेअरमनसाहेब, तुम्ही 'स्वतःच्या चाकांवर' म्हणाला होतात. ही तर आमच्या मेव्हण्याच्या गाडीची चाकं दिसतात!"

हशा झाला. चेअरमन खरोखरच विचारात पडला. आजोबा काठी टेकून उभे राहिले.

"दहा वर्षांपूर्वी माझे दात बदलले. परवा डोळ्यात नवं भिंग बसवलं. आता मलाही भंगारात काढणार का?"

यावर कुणी मतदान मागितलं नाही. प्रश्न उरला तो चालवायचं कुणी. पंक्चरवाला पुढे झाला, तर आजोबांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"ही चालवेल."

"मी? तुम्ही मला कधी हात लावू दिलात का हिला?"

"तू कधी मागितलीस?"

साडीचा पदर खोचून मी आत बसले. बसले म्हणजे पडलेच, इतकी ती खाली आहे. आजोबा शेजारी. क्लच पायाला दूर पडत होता. पहिल्यांदा बंद पडली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा सुटली आणि आम्ही गेटबाहेर आलो. अट एवढीच होती : बाहेर जा, वळा, परत या. मी वळायला ब्रेक दाबला.

"थांबू नकोस," आजोबा म्हणाले. त्यांनी दाराला कान लावला होता. "काही घासत नाही. जा पुढे."

नदीच्या पुलापर्यंत गेलो. छत उघडं होतं, काळा चष्मा घातलेला म्हातारा आणि मी. रिक्षावाले हॉर्न वाजवून हात करत होते. पुलाशी मी थांबले, तेव्हा आजोबांनी उतरून, न वाकता, काठीच्या टोकाने पुढच्या चाकाची कड चाचपली. म्हणाले, "नीट केलंस." टर्नरने केलं, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

परत आलो तोपर्यंत मीटिंग संपून लोक चहाला गेले होते आणि गेटवरचा वॉचमन बदलला होता. नव्याने आडवा बांबू काही उचलला नाही.

"किसके यहाँ जाना है?"

"इथेच राहतो," आजोबा म्हणाले.

"स्टिकर कुठाय गाडीवर?"

स्टिकर नव्हता, कारण चार वर्षांत तो घ्यायची वेळच आली नव्हती. चेअरमनला खाली बोलवावं लागलं. त्याने हसत ऑफिसमधून स्टिकर आणून आजोबांच्या हातात दिला आणि आजोबांनी तो तिथेच, एका डोळ्याने बघत, काचेवर चिकटवला. तिरका लागला आहे. मी तो सरळ केलेला नाही.