न्हावीदादांच्या कुत्रीची पाठ

न्हावीदादांच्या चिमुकल्या कुत्रीची पाठ पार टकली झाली, कातडी काळवंडली. गिऱ्हाइकं म्हणायची, "दादा, आता घरातल्यांचीही हजामत का?" दादा हसायचे, पण जीव टांगणीला लागलेला. डॉक्टर म्हणाले होते, थायरॉइडचा दोष आहे, गोळ्यांनी केस परत यायला हवेत.

आज एकाची अर्धी दाढी झाली होती, तेवढ्यात कुत्री पायाला घासून गेली. दादांनी वाकून तिच्या पाठीवर बोट फिरवलं, तर मऊमऊ लव!

"आले रे देवा, आले!" वस्तरा ठेवून, कुत्रीला कवटाळून दादा रस्त्यातच नाचायला लागले.

फेसाळल्या गालानं गिऱ्हाईक मागे धावलं. "अहो दादा, माझी अर्धी राहिलीय!"

"थांब रे बाबा! आज कुणाच्या केसावर वस्तरा चालवायला मन धजत नाही!"