तळहातावरचा जळता बर्फ

समुद्राच्या तळातून नळकांड्यात भरून आलेला चिखल मी प्रयोगशाळेत उघडला, आणि त्यात पांढरे खडे चमकले. मिथेन वायू पोटात धरून बसलेला बर्फ. हे इंधन खाली किती आहे, ते काढण्याजोगं आहे का, हे तपासायलाच आमचं जहाज इथं आलंय. खडे विरघळायच्या आत थंड डब्यात टाकायचे, हे माझं काम.

पण पाहुणे म्हणून आलेले साहेब म्हणाले, "मॅडम, एक पेटवून दाखवा की!"

पाहुणा आला की खडा पेटवायचा, ही आमच्या जहाजाची रीतच पडलीय. सगळ्यांत मोठा खडा त्यांनी हातमोज्यावर घेतला. बर्फ भडकला, टाळ्या पडल्या, फोन उंचावले. हजारो वर्षं काळोखात निमूट पडून राहिलेल्या गोष्टीला आम्ही उजेडात आणलं, आणि आल्या आल्या काडी लावली.

शेवटी चमचाभर गढूळ पाणी उरलं. साहेबांनी ते झटकलं.

"लिहा मॅडम, झकास जळतो."

किळस त्यांची यायला हवी होती. पण काडीपेटी माझ्याच हातात होती.