दिव्यावरची टिकली

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला, की गाडी मिसिंग मारून राह्यली. चढाला दम सोडते, सिग्नलला थरथरते, आईला मळमळतं. मी विचारलं, समोर मीटरमध्ये कुठला दिवा लागलाय का. तो म्हणाला, "न्हाई ताई, दिवा काही दिसत न्हाई." तो खोटं बोलत नव्हता, हे मला रविवारी कळलं.

गाडी माझी आहे. जुनी, पेट्रोलची, माझ्या आधी दोघांनी वापरलेली. मी जालन्यात, नवीन जालना भागात, एका बियाणे कंपनीत चाचणीचे प्लॉट बघते. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही. गाडी मिरवायला घेतली नव्हती, आईसाठी घेतली होती. आईच्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा तिला केदारखेड्याजवळच्या आमच्या वस्तीवरून जालन्याला डायलिसिसला न्यावं लागतं. एक खेप चुकली की तिला आडवं झोपता येत नाही, श्वास पुरत नाही. त्यामुळं ही गाडी वाटेतल्या राजूरच्या अलीकडं-पलीकडं कुठं बंद पडली तर काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं.

रविवारी स्कूटीवर घरी गेले. गाडी पत्र्याच्या शेडात उभी होती. खाली मळणीचं सोयाबीनचं भुसकट पसरलेलं, मागं भुसकटाचा ढीग पार पत्र्याला टेकलेला, आणि ढिगाला लागून आईच्या खोलीची भिंत. त्या भिंतीला खिडकी आहे. आईला वारा लागावा म्हणून तिची बाज खिडकीखालीच असते. गाडीच्या बॉनेटवर दसऱ्याचं स्वस्तिक अजून तसंच होतं, आरशाला झेंडूचा हार वाळून काळा पडला होता.

आत बसले तर मीटरच्या काचेवर आईची टिकली. मरून रंगाची, मोठी, ती रोज लावते तीच. बराबर चेक इंजिनच्या दिव्यावर.

आई ओसरीवर बसली होती. तिला विचारलं तर तिनं काही लपवलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळं लागलं म्हणाली. पुढच्या सीटवर तीच बसते, भाऊ गाडी चालवतो. "सारा रस्ताभर माझ्याकडं टक लावून बघून राह्यलं होतं, बाई. मंग लावली टिकली."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. आईची ही सवय जुनी आहे. पायाला पहिल्यांदा सूज आली तेव्हा तिनं लुगडं घोट्याच्या खाली ओढून घेतलं आणि कितीक दिवस कुणाला पाय दिसू दिला नाही. आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, आणि आईला काही न सांगता, घरात मोठं कोण आहे ते विचारलं.

मी टिकली नखानं काढली आणि चावी फिरवली. इंजिन अडखळत चालू झालं. दिवा लागला, पण नुसता लागून राहिला नाही, लुकलुकायला लागला. लागून राहिलेला दिवा म्हणजे सवडीनं बघा. लुकलुकणारा म्हणजे आत्ताच्या आत्ता बंद करा. एका सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, ते तसंच बाहेर चाललंय, आणि गाडीच्या पोटाखाली धूर साफ करणारा एक डबा असतो, त्यात जाऊन जळतंय. तो डबा मग निखाऱ्यासारखा तापतो. गाडी घेतली तेव्हा तिची पुस्तिका मी पहिल्या पानापासून वाचली होती. घरात पुस्तिका वाचणारी मीच. मी लगेच चावी मागं फिरवली. तेवढ्या वेळातही सडक्या अंड्यासारखा वास आलाच.

वडील, म्हणजे आमचे दादा, तोवर मळ्यातून आल्ते. ते शेडाच्या दारात उभे राहिले. "आल्या का मॅडम. घ्या, तपासा पेशंट." त्यांचं मत होतं की पंपावर पेट्रोलमध्ये भेसळ आहे, दिवाळीनंतर फिटरला दाखवू. भावाचं मत होतं की पेट्रोल फवारणारं नोझल साफ करू. दोघांची मतं तयार होती, बॉनेट कुणीच उघडलं नव्हतं. मी तसं म्हणाले. दादा म्हणाले, "तुमच्या कॉलेजात गाडीचा पेपर होता वाटतं."

"गाडीचा नव्हता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मंग बघायचं, याचा होता."

शेडात उजेड नव्हता, आणि गाडी चालू करायला माझं मन होईना. तिघांनी ढकलून तिला लिंबाखाली मोकळ्या मातीवर नेलं. गाडी सरकली आणि तिच्या पोटाखालचं भुसकट उघडं पडलं.

मधोमध ताटाएवढा काळा गोल होता. भाऊ म्हणाला, तेल गळलं असंल. त्यानं खाली वाकून बोट लावलं तर काडी बोटाखाली चुरली आणि बोट काळं झालं. तेल नव्हतं, तापलेल्या डब्याखालचं भुसकट जळालं होतं. गोलाच्या कडेची काडी तपकिरी, आतली कोळसा. आणि गोलातून एक बोटभर रुंद काळी रेघ निघून मागं ढिगाकडं गेल्ती. ढिगाच्या अलीकडं, टीचभर राहिलं असताना, ती थांबली होती.

का थांबली ते कुणालाच सांगता येईना. भाऊ हळूच म्हणाला, दव पडलं असंल. आम्ही तिघं उभे होतो तिथून खिडकी दिसत होती, आणि खिडकीतून आईच्या बाजेवरची गोधडी. दादा उकिडवे बसले. ती रेघ ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघत गेले, मग परत सुरुवातीपासून. त्यानंतर त्या दिवशी त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही.

मी माझ्याजवळचा बिघाड सांगणारा छोटा स्कॅनर गाडीला लावला, मोबाइलवर बघितलं. तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे पेट्रोल पेटत नव्हतं ते तिथं. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर ठिणगी देणारी एक कॉइल असते, खाली खोल खड्ड्यात प्लग. तिसरी कॉइल उपटून काढली तर तिच्या रबराला लाल-पिवळा चिखल लागून आला. नाकाजवळ नेला. आंबूस वास, आणि त्यात हळद.

आमच्याकडं खंडेनवमीला नांगर, पाभर, कोयता, सगळं धुऊन पुजतात. गाडी आल्यापासून गाडीही. कुणी सांगावं लागत नाही, तो मान तिला आपोआप मिळतो. मी चिखल फडक्यावर ठेवला. विचारायच्या आधीच दादा बोलले, गाडीकडं न बघता.

"इंजिन मी धुतलं. मोसंबी फवारायच्या पंपानं, फुल प्रेशरनं. हळद-कुंकू वाहिलं, वरून नारळाचं पाणी शिंपडलं. तुझ्या आईच्या जाण्यायेण्याची गाडी म्हणून." मग, "तिथं खड्डा असतो हे मला ठाऊक न्हाई."

 मी खड्डा फडक्यानं कोरडा केला, कॉइल पुसली, परत बसवली. गाडी क्षणभर चालू करून बघितली, मोबाइलवर अजून तिसराच सिलिंडर. मग तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली, बाकी कशालाच हात लावला नाही. आता मोबाइल पहिला सिलिंडर दाखवायला लागला. आजार कॉइलसोबत चालत गेल्ता. म्हणजे पेट्रोल नाही, नोझल नाही, कॉइल. ती उन्हात धरली तर बाजूला केसाएवढा तडा होता. भाऊ बघत राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या बरं वाटण्यावर ती काळी रेघ पडलेली होती.

सोमवारी डायलिसिसची खेप. गाडी चालवायची नाही, हे मी सांगितलं आणि दादांनी लगेच मानलं. शेजारच्या पिकअपवाल्याला त्यांनीच जाऊन सांगितलं. आईला पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवून नेलं, तिची खेप चालू असताना मी स्टेशनकडच्या दुकानातून नवी कॉइल आणली आणि संध्याकाळी घरी जाऊन बसवली. दिवा विझला. इंजिन एकसारखं चालायला लागलं. भुसकटाचा ढीग दादांनी तोवर एकट्यानं उचलून बांधावर नेऊन टाकला होता. शेड झाडून काढलं होतं. गाडी मात्र आता ते आत लावू देत नाहीत.

गुरुवारच्या खेपेला मी रजा टाकली आणि स्वतः गाडी चालवली. आई शेजारी बसली. काचेवर टिकलीच्या डिंकाचा गोल डाग राहिला होता. ती त्या डागाकडंच बघत होती. राजूर मागं पडल्यावर तिनं कपाळावरची टिकली काढून बोटाच्या टोकावर घेतली.

"आज न्हाई लागलं. पण लागलं तर?"

"लागू दे, आई. आपल्याला दिसलं पाहिजे. झाकायचं न्हाई."

 टिकली तिनं परत कपाळावर लावली. मग वाकून लुगड्याचा काठ हळूहळू वर घेतला, घोट्याच्या वर, पोटरीच्याही वर.

"मंग हे बी बघून घे. सोमवारी सुई काढल्यापासून सूज उतरलीच न्हाई."

मी गाडी बाजूला घेतली. तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला, आणि तो भरेना. इंजिन एकसारखं चालू होतं, समोर एकही दिवा लागलेला नव्हता. मी गिअर टाकला. जालना अजून लांब होतं.